फिडल आणि तात्यांचा डावा हात

तात्यांनी मला पहिल्यांदा मारलं ते एका सुरासाठी. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मांडी घालून बसले होते, फिडलचं बूड डाव्या खांद्याशी आणि डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर, आपल्याकडं बसतात तशी. माझं बोट तारेवर केसभर पुढं पडलं. तात्यांनी माझ्या हातातला गज काढून घेतला. गज म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेली काडी, जी तारांवर घासायची. त्या काडीच्या पाठीनं त्यांनी माझ्या डाव्या बोटांवर दोन तडाखे दिले, गज परत हातात दिला आणि म्हणाले, "आता वाजीव." मी वाजवलं आणि सूर बरोबर लागला. हे लिहिताना लाज वाटते, पण लागला हे खरं आहे. त्यामुळंच मार हा शिकवण्याचा भाग आहे, असं आमच्या घरात सगळ्यांनी धरून चाललं, मीसुद्धा. पुढं पुढं सुराचं निमित्तही लागेनासं झालं. भाकरी एका बाजूनं करपली, सायकल पुसायची राहिली, बोलावल्यावर दुसऱ्या हाकेला ओ दिली, एवढं पुरायचं.

माझी नात म्हणते, आजी हे लिहू नकोस, पणजोबांचा फोटो गावच्या समाजमंदिरात लावलाय. लावलाय ना. हार घालायला मीच गेले होते. त्या फोटोतला माणूस मोठा कलावंत होता आणि घरात हाताचा फार वाईट होता. मला दोन्ही लिहायचंय, आणि ज्याला एकच वाचायचंय त्यानं समाजमंदिरात जाऊन फोटो बघावा.

आम्ही कळसला राहायचो. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं पडवीसारखं काहीतरी आणि मागं शेवग्याचं झाड. तात्या साखर कारखान्यात फिटर होते. गाळप चालू असलं की वारा फिरेल तसा मळीचा आंबूस वास घरात यायचा, आणि भोंग्यावर आमचं जेवण ठरायचं. आई ज्वारीची भाकरी थापायची तो थपथप आवाज, तव्यावर शेंगदाण्याच्या कुटाचा महाद्या रटरटायचा तो आवाज, आणि सायकलची साखळी गल्लीच्या तोंडाशी खडखडली की दोन्ही आवाज क्षणभर बंद व्हायचे. आई कान देऊन ऐकायची. सायकल भिंतीला हळू टेकली तर ती पुन्हा थापायला लागायची. आदळली तर मला म्हणायची, "शाले, जा, बबनरावाकडं जाऊन बस जरा." बबनराव आमच्या शेजारी राहायचे, तात्यांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. त्यांच्या ओसरीवर मी बरंच बालपण काढलंय. पण कधीकधी आईच्या सांगण्याआधीच तात्या दारात असायचे.

ते फिडल आलं कसं, ते सांगते. कारखाना उभा राहत होता तेव्हा यंत्रं बसवायला परदेशातून माणसं आली होती. त्यांत एक म्हातारा फिटर होता, बोहेमियाचा, म्हणजे हल्लीच्या चेक देशातला. तात्या तेव्हा विशीतले, त्याची हत्यारांची पेटी उचलायचे. संध्याकाळी तो म्हातारा शेडबाहेर उभा राहून, हनुवटीखाली धरून फिडल वाजवायचा, आणि तात्या पेटीवर बसून ऐकायचे. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. म्हाताऱ्यानं खुणांनी सांगितलं की त्याच्या गावात घरोघर हीच वाद्यं बनतात आणि हे त्याच्या आज्याच्या हातचं आहे. परत जाताना त्यानं ते पेटीसकट तात्यांच्या हातात दिलं. तात्यांनी वाजवायचं धरलं, इंदापूरच्या एका गायकाकडं मांडी घालून वाजवायची बैठक शिकले, आणि चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर पहिल्यांदा बसले तेव्हा म्हणे गाव उठून उभं राहिलं. आमच्या वस्तीनं तोवर हलगी वाजवली होती, तीही दुसऱ्याच्या दारात, उभ्यानं. गादीवर बसून परदेशी वाद्य वाजवणारा आमच्यातला माणूस लोकांनी पहिल्यांदा बघितला.

काही वर्षांपूर्वी मी ते पुण्यात एका जाणकाराला दाखवलं. भोकातून आत दिसणारी चिठ्ठी त्यानं बॅटरी लावून वाचली, आरसा घालून आत बघितलं आणि म्हणाला, बाई, शंभराच्या वर वर्षांचं आहे, हातानं कोरलेलं आहे, पण फार मोठ्या किमतीचं नाही. त्या भागात एक घर माना कोरायचं, एक घर पोटाच्या फळ्या, तिसरं रंग द्यायचं, आणि मग कुणीतरी जोडायचं. मला वाईट वाटलं नाही. उलट आपल्याकडच्या पापडांसारखं झालं, एकीनं लाटले, दुसरीनं वाळवले. मग त्यानं विचारलं, "हा कडेचा पिवळा कडक डाग कसला?" मी सांगितलं, "आमच्या कारखान्याचा." त्याला वाटलं मी गंमत करतेय.

त्या डागाचीच गोष्ट सांगायचीय. मी सोळा वर्षांची होते. तात्या त्या वर्षी म्हणाले होते, "ह्या जयंतीला एक गाणं तू वाजवायचं. स्टेजवर, माझ्या शेजारी." आमच्या तालुक्यात कुणाची मुलगी असं वाजवायला बसली नव्हती. मी दिवस मोजत होते. मला ती जागा इतकी हवी होती की बोटांवरचे वळ मी मैत्रिणींना दाखवत हिंडायचे. आणि चैत्राच्या उन्हानं फिडलची कड उकलली. पोटाची फळी आणि बाजूची पट्टी यांच्यात नख जाईल एवढी फट पडली. वाजवलं की खरखर यायची.

बबनराव येऊन बघून गेले. म्हणाले, "तात्या, सुताराकडनं सरस आणा. तापवून लावला की काम झालं." सरस म्हणजे जनावराचं कातडं, हाडं उकळून केलेला डिंक, जुने सुतार लाकूड त्यानंच जोडायचे. तात्यांचा चेहरा बदलला. "त्ये माझ्या घरात येणार न्हाय," ते म्हणाले. बबनराव हसायला गेले तर तात्यांनी त्यांना उंबऱ्याबाहेर ढकललं. अगदी छातीवर हात ठेवून.

यात नुसता हट्ट नव्हता. माझे आजोबा गावातली मेलेली जनावरं ओढायचे, कातडी सोलायचे. धर्मांतर झालं त्या वर्षी त्यांनी सुरी ओढ्यात फेकली आणि पोरांना सांगितलं, पुन्हा ह्या कामाला हात लावाल तर हात तोडीन. तात्या धाकटे होते. पुढच्या महिन्यात गावातल्या एकाची म्हैस मेली, त्यानं खाऊ देतो म्हणून तात्यांना दोरी धरायला नेलं. आजोबांनी त्यांना झाडाला बांधून मारलं. तात्या हे आम्हाला अभिमानानं सांगायचे, पाठीवरचा व्रण दाखवून. मला ते ऐकताना त्या सात-आठ वर्षांच्या मुलाची दया यायची, त्यांना मात्र कधी आली नाही. ती प्रतिज्ञा त्यांनी इतकी घट्ट धरली होती की सुताराच्या दुकानातल्या डिंकापर्यंत ती पोचली. मला ती प्रतिज्ञा आजही मोठी वाटते. आमची पिढी शिकली, नोकऱ्यांना लागली ती त्या फेकलेल्या सुरीमुळंच.

तात्यांनी कारखान्यातून दोन ट्यूबांचा मसाला आणला, लोखंड लोखंडाला चिकटतं तो. फळीवर कालवला, फटीत भरला, वरून दोऱ्या आवळल्या. दुसऱ्या दिवशी कड अशी बसली होती की सुरी जाणार नाही. तात्या खूष होते. त्या दिवशी त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि स्वतः गाडीवाल्याला सांगून लिंबू जास्त पिळायला लावलं. चार-पाच दिवसांनी दुपारी मी वाजवायला बसले, खुंटी पिळून तार चढवली, आणि टक् असा आवाज झाला. मसाल्याची कड जागची हलली नव्हती. तिच्या शेजारी पोटाची फळीच उभी तडकली होती.

"पिळलीस किती!" तात्या ओरडले, आणि पुढचं मला सलग आठवत नाही. पट्ट्याचं बक्कल कानाच्या मागं लागलं ते आठवतं. आई मध्ये पडली आणि तिलाही बसले ते आठवतं. "जयंतीचा सत्यानाश केलास, माझ्या हातनं हिला शिकवली हीच चूक झाली," असं ते म्हणत होते, आणि मला पट्ट्यापेक्षा ते जास्त लागलं.

दोन दिवसांनी तात्या पहिल्या पाळीला गेल्यावर मी फिडल चादरीत गुंडाळलं आणि एसटीनं इंदापूरला गेले. उस्मानचाचा म्हणून म्हातारे सुतार होते, आईच्या माहेरच्या ओळखीचे. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि जीभ टाळ्याला लावून चकचक केलं. "कुनी लावलं ह्ये? पोरी, सरस लाकडापेक्षा कच्चा असतुया म्हनून तर लावत्यात. ऊन-पानी झालं, जोर आला, की जोड सुटतो. पुन्हा चिकटवायचा. ह्यो मसाला सुटतच न्हाय. मग जोर जाईल कुठं? लाकडावर गेला." त्यांनी चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर सरसाची कणी कागदात बांधून दिली. रात्रभर पाण्यात भिजवायची, मग डब्यात घालून डबा उकळत्या पाण्यात ठेवायचा, मधासारखी झाली की तडकलेल्या फटीत सोडायची. माझ्या कानामागचं त्यांनी बघितलं. पैसे घेतले नाहीत.

आईला मी सांगितलं. मला वाटलं ती नको म्हणेल. ती भाजी चिरत होती, म्हणाली, "माझ्या बापाच्या घरी ह्यो वास रोजचा हुता. वासानं मानूस मरत न्हाय. पर ह्येंची पाळी सुटायच्या आत उरक." तिनंच चुलीवर पातेलं ठेवलं, लाकडं सारली, फुंकणीनं जाळ केला. डबा पाण्यात उभा केला. हळूहळू वास सुटला, ओल्या केसांचा, जुन्या हाडांचा. मी फिडल मांडीवर घेऊन काडीनं सरस हलवत बसले होते. सायकलचा आवाज आम्ही दोघींनीही ऐकला नाही. कारखाना गाळपानंतर दुरुस्तीला बंद होता आणि त्या दिवशी माणसं लवकर सोडली होती.

तात्या दारात उभे होते. आधी त्यांनी नाकानंच सगळं ओळखलं. "काय शिजतंय?" त्यांनी अगदी हळू विचारलं. मी फिडल बाजूला ठेवलं आणि उभी राहिले. आई म्हणाली, "सरस हाय. जयंतीसाठीच चाललंय ना? आनि तुमच्या ढोलकीला काय कापड मढिवलंय व्हय?" ती पुरी बोलायच्या आत तात्यांनी पातेल्याला लाथ घातली. डबा उडाला, कढत सरस माझ्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत सांडला. पाणी सांडलं तर ओघळतं. सरस चिकटून बसतो आणि तिथंच भाजत राहतो. मी किंचाळत दाराकडं धावले. तात्यांनी डावा हात चौकटीवर टेकून वाट अडवली, आणि उजव्या हातानं माझ्या तोंडात मारायला लागले. एक, मग दुसरी, मग मोजायचं राहिलं. "माझ्या बापाची शपथ मोडलीस," असं प्रत्येक थपडेला म्हणत होते. ते रडत होते. मी हे विसरू शकत नाही की ते रडत होते आणि थांबत नव्हते.

आई चुलीपाशी होती. लोखंडी फुंकणी तिच्या हातातच होती. ती उठली, तीन पावलं चालत आली, आणि चौकटीवर टेकलेल्या त्या डाव्या हातावर तिनं दोन्ही हातांनी फुंकणी हाणली. एकदा हाणली, हात चौकटीवरून निसटायच्या आत पुन्हा हाणली. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. तात्या ओरडलेसुद्धा नाहीत. खाली बसले, हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिले. आई म्हणाली, "शाले, बबनरावाला बोलीव. दवाखान्यात न्यायला सांग."

डॉक्टरांना तात्यांनी सांगितलं, कारखान्यात साखळीत हात गेला. बबनरावांना तेच, पाहुण्यांना तेच. मरेपर्यंत त्यांनी तेच सांगितलं आणि मला त्यांच्या या एका खोट्याबद्दल फार आदर वाटतो. ते दवाखान्यात असताना आईनं डब्याच्या तळाशी राहिलेला सरस पुन्हा तापवला. माझ्या हाताला कोरफडीचा गर लावून फडकं बांधलं होतं, म्हणून तिनंच तो फटीत सोडला आणि लुगड्याच्या काठाची पट्टी फाडून फिडल आवळून बांधलं. संध्याकाळी तात्या प्लास्टर घालून आले, खुंटीला टांगलेलं ते बांधलेलं फिडल त्यांनी बघितलं. वास अजून घरात होता. ते जेवले, आईनं भाकरी दुधात कुस्करून दिली होती, आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

जयंतीच्या आदल्या दिवशी बबनराव विचारायला आले, आता फिडलवर कोण? तात्या म्हणाले, "शालन बसंल. सगळ्या गान्यांना." मी बसले. भाजलेला हात गज ओढताना फाटल्यासारखा दुखत होता. माइकवर पुकारलं गेलं की तात्यांना अपघात झालाय तरी त्यांनी लेकीला पुढं केलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तात्या पहिल्या रांगेत होते. आई बायकांत बसली होती. मी चांगलं वाजवलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत मोठी संध्याकाळ होती, आणि ती कशावर उभी आहे हे तिथल्या तिघांनाच माहीत होतं.

त्यानंतर मारणं थांबलं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. सहा महिने थांबलं. मग एक दिवस आईला थप्पड बसली, कशावरून तेही आठवत नाही. बोटं वाकडीच जुळली, तात्या पुन्हा कधी वाजवू शकले नाहीत. कामाला मात्र जात राहिले, डाव्या हातानं धरणं आणि उजव्यानं पाना फिरवणं त्यांना जमायचं. माझं लग्न होऊन मी पिंपळीला आले, वीस-बावीस वर्षं रेडिओवर आणि कार्यक्रमांत वाजवलं, मग बारामतीत घर करून क्लास काढला. तात्या क्लासमध्ये येऊन बसायचे आणि पोरांची बोटं बघायचे. चुकलं की उठून बाहेर जायचे.

तात्या गेल्यावर आई माझ्याकडं बारामतीला राहायला आली. मी पन्नाशी ओलांडलेली, ती पंचाहत्तरीला टेकलेली. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती मेथी निवडत बसली होती, मी फिडल पुसत होते. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी तू रागात हाणलीस. समोर दिसला तो हात, म्हणून डाव्यावर बसली. बिचाऱ्या तात्यांचं वाजवणं गेलं."

"रागात न्हाय," ती मेथीवरची नजर न काढता म्हणाली. "उजवा मोडला असता तर नोकरी गेली असती. खायचं काय? डावा नुसता वाजवायला हुता."

"म्हणजे ठरवून?"

"तर? म्या त्येंचं वाजवनं वीस वरसं बघितलंया. कुठली बोटं ते मला ठावं न्हवतं व्हय?"

मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. आयुष्यभर आईची बाजू घेतलेली मी. पण मी त्या डाव्या बोटांची लेक आहे, माझ्याकडं जे काही आहे ते त्या बोटांनी दिलंय, आणि ती काडी मोडावी तसं बोलत होती. मी ओरडले. काय ओरडले ते शेजारच्या फ्लॅटपर्यंत ऐकू गेलं. नुसता वाजवायला, नुसता वाजवायला, असं म्हणत मी तिच्यापुढं उभी राहिले, आणि माझा उजवा हात वर गेलेला मला दिसला.

आईनं त्या हाताकडं बघितलं. मेथीची जुडी खाली ठेवली, डोळे मिटले आणि गाल पुढं केला.